ध्रुवयात्री रोआल्ड आमुंडसेन

नॉर्वेच्या उत्तरेस स्पिट्सबर्गेन नांवाचें बर्फाच्छादित बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर नी-ऑलेसुंड हें चिमुकलें गांव वसलें आहे. दुसरें तितकेंच चिमुकलें गांव टेलर हें अमेरिकेच्या अगदीं वायव्य टोकास, अलास्क्याच्या किनाऱ्यावर आहे. या दोन गांवांमधील अंतर किती, असें विचारल्यास आमचे बहुतेक विद्यार्थी वर्गांतील भिंतीवरच्या नकाशाकडे धांव घेतील, आणि ग्रीनलंड, कानडा वगैरे सर्व मुलुख ओलांडून बोट नकाशाच्या डाव्या कडेपर्यंत नेतील. परंतु तेच विद्यार्थी पृथ्वीचा गोल हातीं घेऊन एक दोरा या दोन गांवांमध्यें ताणून धरतील, तर त्यांस एक चमत्कार दिसेल. दोरा पश्चिमेकडे न जातां सरळ उत्तरेकडे चढतो, उत्तर ध्रुवाला जवळजवळ स्पर्श करतो आणि पलीकडच्या बाजूनें खालीं उतरतो.

याचें कारण सोपें आहे. नी-ऑलेसुंड हें सुमारें १२ पूर्व रेखांशावर, तर टेलर हें सुमारें १६६ पश्चिम रेखांशावर आहे. या दोहोंची बेरीज १७८ होते; म्हणजे हीं गांवें ध्रुवाच्या दोन बाजूंस जवळजवळ समोरासमोर आहेत. पहिलें गांव ध्रुवापासून सुमारें ११ अंश, दुसरें सुमारें २५ अंश. एका अक्षांशाचे १११ किलोमीटर धरले तर हें अंतर ४,००० किलोमीटरांच्या आसपास भरतें. हें गणित इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यासहि येईल. परंतु तें आकाशांतून प्रत्यक्ष आक्रमून पाहण्यास १९२६ साल उजाडावें लागलें. आणि ज्या पुरुषानें तें घडवून आणलें त्याची त्यापूर्वींची जवळजवळ तीस वर्षें हिमाच्या प्रदेशांत गेलीं होतीं. त्या पुरुषाचें, रोआल्ड आमुंडसेन याचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

रोआल्डचा जन्म १६ जुलै १८७२ रोजीं नॉर्वेच्या आग्नेय भागांतील बोर्गे येथें झाला. त्याचा बाप जेन्स आमुंडसेन हा जहाजांचा मालक व स्वतः कप्तान होता. चार भावांत रोआल्ड सर्वांत धाकटा. तो चौदा वर्षांचा असतांना पितृछत्र हरपलें. या मुलानें तरी समुद्राचा नाद सोडून वैद्य व्हावें अशी आईची फार इच्छा होती, आणि आईचें मन मोडावयाचें नाहीं म्हणून तो वैद्यकाच्या अभ्यासासाठीं विश्वविद्यालयांत गेलाहि. पण त्याचें चित्त पुस्तकांत नव्हतें. लहानपणीं त्यानें जॉन फ्रँकलिन या इंग्रज नाविकाच्या हालअपेष्टांची हकीकत वाचली होती. १८८९ सालीं फ्रिट्यॉफ नान्सेन हा ग्रीनलंडचें हिमपठार ओलांडून परत आला, तेव्हां त्याचें स्वागत करणाऱ्या जनसमुदायांत हा मुलगाहि उभा होता. इतर मुलें तें दृश्य घरीं जाऊन विसरलीं; यानें तें जन्मभर विसरलें नाहीं. हिवाळ्यांत खिडक्या उघड्या टाकून झोंपावें, बर्फावरून घसरपट्ट्यांच्या साहाय्यानें दूरवर मजल मारावी, अशी शरीराची तयारी त्यानें गाजावाजा न करितां चालविली. १८९३ सालीं आई निवर्तली. त्यानंतर त्यानें वैद्यकाचा अभ्यास सोडला व समुद्राची वाट धरली.

येथें एक गोष्ट आमच्या तरुण वाचकांनीं लक्षांत घ्यावी. आवडीचा मार्ग धरला म्हणजे कष्ट चुकले असें नव्हे. जुन्या मोहिमांचे वृत्तांत वाचून आमुंडसेनला एक उणीव दिसली होती: मोहिमेचा पुढारी निराळा आणि जहाजाचा कप्तान निराळा असला कीं दोन मतें होतात व काम बिघडतें. म्हणून त्यानें साध्या खलाशाच्या कामापासून आरंभ करून नौकानयनाच्या परीक्षा दिल्या. १८९७ सालीं 'बेल्जिका' या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून तो दक्षिण ध्रुवाकडे गेला. तें जहाज बर्फांत अडकलें व त्या मंडळींस अंटार्क्टिक प्रदेशांत हिवाळा काढावा लागला. असा प्रसंग मनुष्यजातीवर पूर्वीं आला नव्हता. ताज्या अन्नावांचून खलाशांस स्कर्व्ही हा रोग जडला. तेव्हां जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यानें सील व पेंग्विन यांचें ताजें मांस खाण्याचा आग्रह धरला आणि पुष्कळांचे प्राण वांचविले. ही शिकवण आमुंडसेननें गांठीं बांधून ठेविली.

युरोपांतून अमेरिकेच्या उत्तरेकडून पॅसिफिक महासागरांत जाण्याचा मार्ग शेंकडों वर्षें नाविक शोधीत होते. याच शोधांत फ्रँकलिन व त्याचे सर्व सोबती नाहींसे झाले होते. १६ जून १९०३ रोजीं आमुंडसेन अवघ्या सहा सोबत्यांसह 'योआ' नांवाच्या ४७ टनांच्या जुन्या मासेमारी गलबतांतून निघाला. पाठीमागें सावकारांचा तगादा, पुढें अज्ञात समुद्र, अशा स्थितींत हें प्रस्थान झालें. किंग विल्यम बेटाच्या आश्रयास त्यानें दोन हिवाळे काढले. चुंबकीय उत्तर ध्रुव १८३१ सालीं जेम्स रॉस यास जेथें आढळला होता तेथें तो आतां नाहीं, तो जागा बदलतो, हें त्याच्या निरीक्षणांवरून सिद्ध झालें.

परंतु या दोन वर्षांतील त्याची खरी कमाई निराळीच होती. त्या बेटावर नेत्सिलिक जमातीचे इन्युइट लोक राहत. त्यांस पूर्वीं सर्वत्र एस्किमो म्हणत. हे लोक रानटी, यांच्यापासून सुधारलेल्या मनुष्यानें काय शिकावयाचें, अशी त्या काळच्या अनेक युरोपियनांची समजूत होती. आमुंडसेन त्यांच्यापुढें शिष्य होऊन बसला. कातड्याचे सैल कपडे कसे घालावे, बर्फाचें घर कसें रचावें, कुत्र्यांची गाडी कशी हांकावी, घाम येईल इतकें घाईनें कां चालूं नये, हें सर्व तो त्यांच्याकडून शिकला. पुढें दक्षिण ध्रुवावर जें यश त्यास मिळालें त्याचा पाया येथें घातला गेला. शिकण्याची लाज ज्यास वाटत नाहीं त्यास शिक्षक कोठेंहि भेटतात.

ऑगस्ट १९०५ मध्यें 'योआ' पश्चिमेकडे निघाली, आणि २६ तारखेस समोरून येणारें एक व्हेल माशांच्या शिकारीचें जहाज दिसलें. तें पॅसिफिककडून आलें होतें. म्हणजे मार्ग सांपडला होता! परंतु पुन्हां हिवाळा आला व गलबत गोठलें. ही आनंदाची बातमी घरीं कळवावी कशी? सर्वांत जवळचें तारऑफिस सुमारें ८०० किलोमीटरांवर अलास्क्यांतील ईगल येथें होतें. आमुंडसेन कुत्र्यांच्या गाडीबरोबर डोंगर ओलांडून तेथें गेला आणि ५ डिसेंबर १९०५ रोजीं त्यानें तार केली. एका तारेसाठीं एवढी पायपीट! ३१ ऑगस्ट १९०६ रोजीं 'योआ' अलास्क्यांतील नोम बंदरास लागली. नॉर्वेहून नोमपर्यंत तीन वर्षें व सुमारें अडीच महिने लागले होते. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

यानंतरचा त्याचा बेत उत्तर ध्रुवाचा होता. परंतु १९०९ सालीं कुक व पिअरी या दोघांनींहि तेथें पोहोंचल्याचा दावा केला. आमुंडसेननें मनांतल्या मनांत जहाजाचें तोंड दक्षिणेकडे वळविलें आणि ही गोष्ट जवळजवळ सर्वांपासून लपवून ठेविली. ज्या नान्सेननें 'फ्राम' हें जहाज विश्वासानें दिलें, त्यासहि ती ठाऊक नव्हती. १९१० च्या सप्टेंबरांत मदीरा बेटापाशीं त्यानें ती आपल्या खलाशांस सांगितली, आणि इंग्रज कप्तान स्कॉट यास तारेनें कळविलें. ही लपवाछपवी आम्हांस प्रशंसनीय वाटत नाहीं. थोर पुरुषाच्या चरित्रांत असे डाग असतात, व ते झांकून ठेवणें हा चरित्रलेखकाचा धर्म नव्हे.

तयारींत मात्र त्यानें कसूर केली नाहीं. वाटेवर ठिकठिकाणीं अन्नाचे सांठे पुरून निशाणें लाविलीं. १९ ऑक्टोबर १९११ रोजीं तो चार सोबती, चार गाड्या व ५२ कुत्रीं घेऊन निघाला, आणि १४ डिसेंबर १९११ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोहोंचला. मनुष्याचें पाऊल तेथें प्रथमच पडत होतें. २५ जानेवारी १९१२ रोजीं पांचहि जण सुखरूप परतले. कुत्रीं मात्र ११ च उरलीं होतीं. बाकीच्यांपैकीं बहुतेकांस ठरल्याप्रमाणें मारून त्यांचें मांस अन्नासाठीं वापरलें होतें. ज्या मुक्या प्राण्यांनीं गाड्या ओढल्या त्यांच्या वांट्यास हें मरण आलें, याचें दुःख त्या मंडळींसहि झालें. कप्तान स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजीं ध्रुवावर पोहोंचला, तेव्हां त्यास तेथें नॉर्वेचा तंबू दिसला. परतीच्या वाटेवर तो व त्याचे चारहि सोबती मरण पावले.

विजय मिळाला, कीर्ति मिळाली, परंतु पैसा राहिला नाहीं. १९१४ सालीं आमुंडसेननें विमान चालविण्याचा परवाना मिळविला. नॉर्वेंत नागरिकास मिळालेला तो पहिलाच. जहाजाचे व कुत्र्यांचे दिवस संपत आले, पुढील शोध आकाशांतून होणार, हें त्यानें ओळखलें होतें. 'मॉड' या जहाजांतून १९१८ ते १९२० या काळांत त्यानें सायबेरियाच्या उत्तरेकडील मार्गहि पार केला. पण कर्ज वाढतच गेलें व १९२४ सालीं त्याचें दिवाळें निघालें. बावन्न वर्षांचा हा जगप्रसिद्ध पुरुष न्यूयॉर्कच्या हॉटेलांत बसून आपलें आयुष्य वाया गेलें असें मानीत असतां लिंकन एल्सवर्थ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें त्याची भेट मागितली व साहसास द्रव्य देऊं केलें. परमेश्वर दार उघडतो तें पुष्कळदां असें अगदीं अखेरच्या घटकेस.

२१ मे १९२५ रोजीं सहा जण दोन विमानांतून स्पिट्सबर्गेनहून ध्रुवाकडे उडाले. ध्रुव सुमारें अडीचशे किलोमीटर उरला असतां त्यांस बर्फांत उतरावें लागलें. एक विमान निकामी झालें. दोन्ही तुकड्या एकत्र येत असतां दोघे जण बर्फ फुटून पाण्यांत पडले, त्यांस एल्सवर्थनें ओढून काढलें. त्या दोघांपैकीं एकाचें नांव लेफ डीट्रिक्सन. वाचकांस तो पुन्हां भेटेल. मग दिवसाकाठीं माणशीं जेमतेम पाव किलो अन्नावर या सहा जणांनीं तीन आठवड्यांहून अधिक काळ बर्फ फोडून व तुडवून धांवपट्टी तयार केली. ती पुन्हां पुन्हां भंगे, हे पुन्हां आरंभ करीत. १५ जून रोजीं सहाहि जण एकाच विमानांत दाटीवाटीनें बसून उडाले व जिवंत परतले.

आणि आतां आम्ही आरंभीं सांगितलेल्या त्या दोन गांवांकडे वळतों. विमान बर्फावर उतरलें कीं अडकतें, म्हणून पुढल्या वर्षीं वायुनौका घेण्याचें ठरलें. वायुनौका म्हणजे हायड्रोजन वायूनें भरलेली, एंजिनांनीं चालणारी लांबट अजस्र पिशवी. ती इटलींत बांधली गेली. तिचा रचनाकार व चालक उंबेर्तो नोबिले हा इटालियन अधिकारी होता. लांबी १०६ मीटर. नांव 'नोर्गे', म्हणजे नॉर्वे. एप्रिलमध्यें रोमहून निघून इंग्लंड, ऑस्लो व लेनिनग्राडवरून ती ७ मे १९२६ रोजीं नी-ऑलेसुंड येथें आली. हें तेव्हां कोळशाच्या खाणींचें गांव होतें, आणि तेथें तिला बांधण्यासाठीं उंच लोखंडी खांब उभारला होता.

११ मे रोजीं सकाळीं सोळा माणसें व नोबिलेची तितिना नांवाची लहान कुत्री यांस घेऊन 'नोर्गे' निघाली. त्या अक्षांशांत मे महिन्यांत सूर्य मावळत नाहीं. सुमारें साडेसोळा तासांनीं, १२ मे रोजीं, ती ध्रुवावर पोहोंचली व नॉर्वे, अमेरिका आणि इटली यांचे ध्वज खालीं टाकण्यात आले. तेथपर्यंतचें १,२३० किलोमीटर अंतर ताशीं ७५ किलोमीटरांच्या वेगानें पार पडलें होतें. त्याच वेगानें सरळ जातां आलें असतें, तर उरलेल्या २,७५० किलोमीटरांस सदतीस तास पुरले असते. परंतु निसर्ग त्रैराशिकाप्रमाणें चालत नाहीं. दाट धुकें आलें. पंख्यांवर बर्फ सांचूं लागलें व त्याचे तुकडे गोळ्यांसारखे उडून पिशवीच्या कापडास भोंकें पाडूं लागले. माणसें तीं भोंकें बुजवीत होतीं. बिनतारी यंत्राची तार गोठली व जगाशीं संबंध तुटला. १३ मे रोजीं अलास्क्याचा किनारा दिसला, पण वादळानें वायुनौकेस इकडून तिकडे भरकटविलें. नोमला जाण्याचा बेत सोडून १४ मे रोजीं ती टेलर गांवीं उतरली. सरळ रेषेंत ४,००० किलोमीटर, प्रत्यक्ष प्रवास ५,००० किलोमीटरांहून अधिक, आणि वेळ सुमारें एकाहत्तर तास. टेलरपासून थोड्याच अंतरावरील नोम येथें यावयास याच पुरुषास पूर्वीं तीन वर्षांहून अधिक काळ लागला होता. आतां तीन दिवसहि पुरे लागले नाहींत!

टेलर हें इन्युपियाक लोकांचें गांव. त्याच्या परिसरांत १८९४ पासून नॉर्वेजियन वंशाच्या ब्रेविग या लूथरन मिशनऱ्यानें काम केलें होतें, आणि खाडीपलीकडील गांवास आजहि ब्रेविग मिशन असेंच म्हणतात. पिअरी, कुक आणि 'नोर्गे'च्या दोनच दिवस आधीं उडालेला बर्ड, या तिघांच्या दाव्यांविषयीं पुढें अभ्यासकांनीं गंभीर शंका घेतल्या. 'नोर्गे'च्या ध्रुवगमनाविषयीं मात्र शंका नाहीं.

पण टेलरला उतरलेल्या त्या मंडळींचीं मनें जुळलेलीं नव्हतीं. हें यश कोणाचें, बेत आंखणाऱ्या आमुंडसेनचें कीं नौका बांधून चालविणाऱ्या नोबिलेचें, यावरून कलह पेटला. इटलीनें नोबिलेस सेनापतीचें पद दिलें व सारें श्रेय आपल्याकडे ओढलें. आमुंडसेननें १९२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत नोबिलेवर इतकी कठोर टीका केली कीं त्याच्या मित्रांसहि वाईट वाटलें. तो एकलकोंडा व कडवट झाला. ध्रुवाच्या पलीकडचें गांव त्यानें तीन दिवसांत गांठलें होतें, पण शेजारीं उभ्या असलेल्या सोबत्याच्या मनापर्यंत त्यास पोहोंचतां आलें नाहीं.

मग १९२८ चा मे महिना आला. नोबिले 'इटालिया' नांवाच्या नव्या वायुनौकेंतून पुन्हां ध्रुवावर गेला, आणि परततांना २५ मे रोजीं ती बर्फावर आदळली. सहा जण पिशवीसह वाऱ्यानें उडून गेले, ते पुन्हां दिसले नाहींत. नोबिले जायबंदी होऊन बर्फावर पडला. त्याच्या सोबत्यांनीं बिनतारी यंत्र सुरू ठेविलें, व ३ जून रोजीं रशियांतील एका हौशी तरुणानें तो क्षीण संदेश ऐकला.

वायुनौका हरवल्याची वार्ता आली तेव्हां आमुंडसेन ऑस्लो येथें मेजवानीस बसला होता. आपण शोधास जाण्यास तयार आहों काय, असा प्रश्न होतांच त्यानें क्षणाचाहि विलंब न लावतां होकार दिला. त्याचें वय पंचावन्न होतें, कर्ज होतें, ज्यास वांचवावयाचें तो त्याचा सर्वांत मोठा वैरी होता. इटालियन सरकारास तर त्याची मदत नकोशी होती. तरी त्यानें खटपट करून फ्रान्सकडून 'लाथाम ४७' हें समुद्रविमान मिळविलें. १८ जून १९२८ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास नॉर्वेंतील ट्रोम्सो बंदराहून तें उडालें. बरोबर चालक गिल्बो व इतर तीन फ्रेंच, आणि १९२५ सालीं बर्फाच्या पाण्यांतून वांचलेला तो लेफ डीट्रिक्सन. स्पिट्सबर्गेन सुमारें हजार किलोमीटरांवर होतें. तीन तासांच्या आंत बिनतारी संदेश थांबले. पुढें ३१ ऑगस्ट रोजीं कोळ्यांस समुद्रांत त्या विमानाचा एक तरंगता भाग सांपडला. सहा जणांपैकीं एकाचाहि देह हातीं आला नाहीं.

नोबिलेस एका स्वीडिश वैमानिकानें थोड्याच दिवसांत उचलून आणलें, व १२ जुलै रोजीं रशियाच्या 'क्रासिन' या बर्फफोड्या जहाजानें इतर वांचविले. नोबिले १९७८ पर्यंत जगला. १४ डिसेंबर १९२८ रोजीं, दक्षिण ध्रुवावर पाऊल पडल्यास सतरा वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, सारें नॉर्वे राष्ट्र दोन मिनिटें स्तब्ध उभें राहिलें.

आज त्या वाटेची स्थिति काय आहे? नी-ऑलेसुंडच्या खाणी १९६२ सालच्या भयंकर अपघातानंतर बंद झाल्या, आणि तें आतां शास्त्रज्ञांचें गांव झालें आहे. आपल्या भारताचें 'हिमाद्रि' हें संशोधनकेंद्र १ जुलै २००८ रोजीं तेथेंच सुरू झालें. 'नोर्गे'ला बांधलेला खांब तेथें अद्याप उभा आहे. आजचें मोठें प्रवासी विमान ४,००० किलोमीटर अंतर साडेचार तासांत कापतें. परंतु या दोन गांवांस जोडणारी थेट विमानसेवा नाहीं. लहान विमानें पकडीत, युरोप व अमेरिका यांना मोठा वळसा घालूनच एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जावें लागतें. जवळचें ठिकाणहि वाट नसली तर दूर होतें.

आमुंडसेन कांहीं साधु नव्हता. तो मानी होता, कधीं लपवाछपवी करणारा, कधीं कठोर बोलणारा होता. नोबिलेशीं त्याचा समेट झाला, त्यानें क्षमेचे गोड शब्द उच्चारले, असें कोठेंहि नमूद नाहीं. त्यानें एवढेंच केलें कीं वैरी संकटांत आहे असें ऐकतांच तो उठला आणि निघाला. वाटेंत पडलेल्या जखमी मनुष्यास पाहून त्याची जात न विचारतां थांबलेल्या शोमरोनी प्रवाशाचा दाखला आपल्या प्रभूनें दिला, त्याचा अर्थ आम्हांस याहून निराळा वाटत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांत रुसवेफुगवे होतात. खेळांतील यशाचें श्रेय कोणाचें यावरून जिवलग मित्र महिना महिना बोलत नाहींत. पालकहो, आपल्या घरांतूनहि असे अबोले असतात, आणि मुलें ते मुकाट्यानें पाहत असतात. राग एका दिवसांत जात नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु ज्याच्याशीं आपण बोलत नाहीं तो आजारी पडला, नापास झाला, त्याच्या घरीं दुःख आलें, असें कानीं येतांच मन निवळण्याची वाट न पाहतां त्याच्या दाराशीं जावें. शब्द सुचले नाहींत तरी चालेल.